एका नावाखालची दोन गिधाडे

माझ्या कपाटात दोन जुन्या टिपणवह्या आहेत. पक्षी पाहायला जाताना शर्टाच्या खिशात बसतील एवढ्या लहान. पहिल्या वहीत मार्च १९८६ ची एक नोंद आहे : ‘अंजनेरी. लांब चोचीची गिधाडे, ७. कड्याच्या कपारीत. खाली खडकावर विष्ठेचे पांढरे ओघळ.’ दुसऱ्या वहीत जानेवारी १९८८ ची नोंद : ‘आसाम. काझीरंगाच्या अलीकडचे गाव. लांब चोचीचे गिधाड, १. सावरीच्या उंच झाडावर, घरट्यात बसलेले. मान काळपट, उघडी, मळकी.’

दोन्ही नोंदींत पक्ष्याचे नाव एकच आहे. त्या वेळी माझ्याजवळ जी पुस्तके होती त्यांच्या हिशेबाने ते बरोबरही होते. आज मात्र पक्षिशास्त्राचे कोणतेही पुस्तक उघडले, तर नाशिकच्या कड्यावरचे गिधाड आणि आसामच्या झाडावरचे गिधाड या दोन स्वतंत्र जाती आहेत, असे त्यात लिहिलेले आढळते. पहिली ‘जिप्स इंडिकस’, म्हणजे भारतीय किंवा लांब चोचीचे गिधाड. दुसरी ‘जिप्स टेन्युइरोस्ट्रिस’, म्हणजे बारीक चोचीचे गिधाड.

नाव बदलल्याने पक्षी बदलत नाही, असे आपण म्हणतो. मीही बरीच वर्षे तसेच मानत होतो. पण या दोन पक्ष्यांच्या नावांचा इतिहास धुंडाळू लागलो तेव्हा ध्यानात आले, की एका नावाखाली दोन पक्षी बसवल्याचा हिशेब अखेर त्यांतल्या एकाला चुकवावा लागला. हा लेख त्या हिशेबाविषयी आहे.

*

आधी दोन्ही पक्षी शेजारी शेजारी ठेवून पाहू.

लांब चोचीचे गिधाड हे दख्खनचे आणि मध्य भारताचे. गंगेच्या मैदानाच्या दक्षिणेला, जिथे उभे कडे आहेत तिथे ते वसाहत करून राहते. सह्याद्रीच्या कड्यांवर लांबूनही दिसणारे पांढरे ओघळ हे त्याच्या वस्तीचे पत्तेच म्हणायचे. राजस्थानात काही ठिकाणी ते झाडावरही घरटे करते, पण त्याचे खरे घर म्हणजे कपार. रंग फिकट मातकट, पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्याची चोच फिकट पिवळसर, डोक्यावर आणि मानेवर विरळ पांढरी लव, मानेच्या मुळाशी पांढऱ्या पिसांचा झुबका.

बारीक चोचीचे गिधाड उत्तरेचे. हिमालयाचा पायथा, नेपाळची तराई, आसाम आणि तिथून पुढे म्यानमार व कंबोडिया. ते कड्याच्या वाटेला जात नाही, उंच झाडावर घरटे करते. त्याच्या डोक्यावर आणि मानेवर लव जवळजवळ नसतेच. उघडी, काळपट, सुरकुतलेली कातडी आणि तिच्यात ठळक दिसणारी कानांची भोके. चोच गडद आणि सडपातळ, पायही काळपट. समोरून पाहिले तर डोके शरीराच्या मानाने अरुंद वाटते. माझ्या आसामच्या नोंदीतला ‘मळकी’ हा शब्द आज वाचताना मला हसू येते. मान मळलेली नव्हती, ती त्या पक्ष्याची ओळख होती.

दोघांत साम्यही आहे. मादी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू वयात यायला काही वर्षे लागतात. असा पक्षी दीर्घायुषी असेल तरच टिकतो. मोठ्या पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमाण थोडेसे जरी वाढले, तरी ती तूट पिल्ले भरून काढू शकत नाहीत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

*

नावाची गोष्ट सुरू होते ती भारतापासून पुष्कळ दूर. पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने पूर्वेकडच्या प्रवासाचे वर्णन १७८२ मध्ये पॅरिसला छापले. त्यात पाँडिचेरीच्या मुक्कामात आणि इतरत्र पाहिलेल्या प्राण्या-पक्ष्यांची वर्णने व चित्रे होती. इटलीत पाव्हियाच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या जोव्हानी आंतोनियो स्कोपोलीने ती वर्णने घेतली आणि १७८६ मध्ये त्यांना लॅटिन नावे दिली. ‘इंडिकस’ हे त्यांतले एक. स्कोपोली भारतात कधी आला नाही. एका देशात पाहिलेला पक्षी, दुसऱ्या देशात छापलेले वर्णन आणि तिसऱ्या देशात दिलेले नाव, अशी ही सुरुवात होती.

दुसऱ्या पक्ष्याचे नाव आले नेपाळमधून. ब्रायन हॉजसन हा काठमांडूत ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट होता. परक्या माणसाला दरीबाहेर फारसे हिंडू न देण्याच्या त्या काळात त्याने स्थानिक शिकाऱ्यांकडून नमुने मिळवले आणि राजमान सिंगसारख्या नेपाळी चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढून घेतली. हा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला आणि तिथल्या जॉर्ज रॉबर्ट ग्रे याने १८४४ मध्ये त्यातल्या गिधाडाला ‘टेन्युइरोस्ट्रिस’ म्हटले. शब्दशः अर्थ : बारीक चोचीचा. ज्याने नाव दिले त्याने चोच नीट पाहिली होती, एवढे तरी त्या नावावरून कळते.

यानंतरचे नाव मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागचा हा माणूस. शाळेत आपण त्याला तेवढ्यापुरतेच भेटतो. पण त्याआधीची पंचवीस वर्षे ह्यूम हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची नोंद करत होता. देशभरच्या अधिकाऱ्यांकडून, रेल्वेच्या आणि जंगलखात्याच्या माणसांकडून त्याच्याकडे कातडी, अंडी आणि पत्रे येत. १८७२ पासून तो ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक स्वतः चालवत होता. सिमल्यात असलेली त्याच्या हस्तलिखितांची बाडे, म्हणजे कितीतरी वर्षांच्या टिपणांचा साठा, तो नसताना एका नोकराने रद्दीत विकून टाकला. त्या धक्क्यानंतर त्याचे पक्ष्यांवरून मन उडाले आणि १८८५ मध्येच त्याने सुमारे ८२,००० कातडी व अंडी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. ज्या वर्षी त्याने पक्षी सोडले, त्याच वर्षी काँग्रेस उभी राहिली.

या ह्यूमने १८७३ मध्ये कड्यांवर घरटी करणाऱ्या फिकट गिधाडाला ‘पॅलेसेन्स’, म्हणजे फिकटलेला, असे वेगळे नाव दिले. शास्त्राच्या नियमाने ते टिकले नाही. त्या पक्ष्याला स्कोपोलीचे जुने नाव आधीच होते, आणि जुने नाव असताना नवे चालत नाही. पण ह्यूमला नवे नाव द्यावेसे वाटले, यातच त्याची साक्ष आहे. झाडावरचे काळपट गिधाड आणि कड्यावरचे फिकट गिधाड हे एक नव्हे, हे १८७३ मध्ये एका माणसाला दिसले होते.

*

मग दोघे एक कसे झाले?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्षिशास्त्रात एक नवी रीत रूढ होत होती. एकमेकांसारखे दिसणारे आणि शेजारशेजारच्या प्रदेशांत राहणारे पक्षी ही एकाच जातीची प्रादेशिक रूपे मानावीत, आणि नावाला तिसरा शब्द जोडून त्यांना उपजाती म्हणावे. रीत वाईट नव्हती. आधीच्या शतकात प्रत्येक संग्राहकाने किरकोळ फरकावर नवी जात घोषित करून जो पसारा वाढवला होता, तो तिने आवरला. एकाच चिमणीची दहा नावे झाली असतील तर ती एकत्र करायलाच हवीत.

पण या आवराआवरीत काही खरे वेगळे पक्षीही एका खणात गेले. गिधाडांच्या बाबतीत तर चूक होणे फार सोपे होते. तो निर्णय संग्रहालयात बसून, वाळवलेल्या कातड्यांवरून घेतला गेला. कातडे वाळले की पिसे वर्षानुवर्षे तशीच राहतात, उघड्या कातडीचा रंग मात्र जातो. मान, चोच, पाय, डोळे, म्हणजे ज्या ज्या ठिकाणी या दोन गिधाडांत फरक आहे, नेमकी तीच ठिकाणे वाळल्यावर मुकी होतात. आणि पक्षी कड्यावर घरटे करत होता की झाडावर, हे कातडे सांगू शकत नाही. कोणी चिठ्ठीवर लिहून ठेवले असेल तरच ते कळते.

१९६८ मध्ये सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या ‘हँडबुक’चा पहिला खंड आला. भारतीय पक्ष्यांवरचा तो आजही आधारग्रंथ आहे. त्यात लांब चोचीच्या गिधाडाची एक जात आणि तिच्या दोन उपजाती, दख्खनची आणि हिमालयाकडची, अशी मांडणी होती. लक्षात घ्या, फरक त्यात पुसला गेला नव्हता, फक्त एक पायरी खाली गेला होता. पण रानात दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्या माझ्यासारख्याची नोंद जातीपाशीच थांबते. उपजात लिहिण्याचे कष्ट कोण घेतो? मी घेतले नाहीत. देशभरच्या मोठमोठ्या मोजण्यांतही ते घेतले गेले नाहीत.

रामायणाने दोन गिधाडांना दोन नावे दिली आहेत. जटायू आणि संपाती, सख्खे भाऊ, पण एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर कोणी घातली नाही. आमच्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातले सर्वतीर्थ टाकेद हे जटायू पडला ते ठिकाण मानले जाते. लहानपणी तिथे गेलो असताना ‘आणि संपाती कुठे राहायचा?’ असे मी वडिलांना विचारले होते. ‘तो लांब, समुद्राकडे,’ ते म्हणाले. प्रश्न साधा होता, पण कोण कुठे राहतो हे विचारायचे मी पुढे विसरलो.

*

१९८० च्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश हे शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. तिथे मुख्यतः तिसऱ्याच जातीची, पांढऱ्या पाठीची गिधाडे होती. त्यांची ३५३ घरटी त्यांनी मोजली होती. नव्वदच्या दशकात ते पुन्हा मोजू लागले तेव्हा निम्म्याहून अधिक घरटी नाहीशी झाली होती, झाडांवर माना खाली टाकून बसलेली गिधाडे दिसत होती आणि झाडांखाली मेलेली. १९९९ मध्ये त्यांनी हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ही संस्था. तिच्या जर्नलने शंभर वर्षे हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या वैपुल्याची नोंद केली होती. आता त्याच पानांवर नाहीसे होण्याची नोंद आली.

कारण कळायला आणखी पाच वर्षे गेली. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेल्या गिधाडांची तपासणी करून ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडला. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध हा घातक होता. औषध दिल्यावर थोड्या दिवसांत जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि युरिक आम्लाचा पांढरा थर आतल्या अवयवांवर साचतो. शंभरात एखादेच शव दूषित असले तरी एवढी घसरण होऊ शकते, असे गणिताने दाखवले. एका शवावर डझनावारी गिधाडे उतरतात, आणि वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला ही तूट भरता येत नाही.

नेमक्या याच वर्षांत नावाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ जुन्या संग्रहालयांतल्या नमुन्यांची कसून तपासणी करत होत्या. महाराष्ट्राशी त्यांचा एक धागा आहे. १८७३ मध्येच ह्यूमने नाव दिलेला आणि १८८४ नंतर कोणाला खात्रीने न सापडलेला वनपिंगळा १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला, तो त्यांना आणि त्यांच्या दोन साथीदारांना. त्याच रासमुसेन यांनी एस. जे. पॅरी यांच्यासह २००१ मध्ये लांब चोचीच्या गिधाडांचे नमुने तपासले आणि सांगितले, की ही एका जातीची दोन रूपे नाहीत, या दोन जाती आहेत. चोचीची व कवटीची ठेवण, डोक्याची कातडी, घरट्याची जागा, सगळेच वेगळे. २००६ मध्ये जनुकांच्या अभ्यासानेही तेच दाखवले. ह्यूमला सव्वाशे वर्षांपूर्वी दिसलेले आता सिद्ध झाले.

*

एवढ्याने काय फरक पडला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आकड्यांत आहे.

१९९१ ते १९९३ या काळात देशभर रस्त्यांवरून मोटारीने जात शिकारी पक्ष्यांची मोजणी झाली होती. संकट येण्यापूर्वीचे ते आपले शेवटचे मोठे चित्र. पुढे २००० पासून त्याच रस्त्यांवर पुन्हा पुन्हा मोजण्या झाल्या आणि २००७ च्या मोजणीनंतर तुलना प्रसिद्ध झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ च्या तुलनेत हजारात एक उरली होती. लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडे मिळून ९६.८ टक्के घटली होती.

या वाक्यातल्या ‘मिळून’ या शब्दापाशी मी थांबलो. प्रत्येकाची वेगळी टक्केवारी का नाही? कारण १९९१-९३ मध्ये मोजणाऱ्यांच्या तक्त्यात दोघांसाठी एकच रकाना होता. जे तेव्हा वेगळे मोजले नाही, ते आता कोणत्याही गणिताने वेगळे करता येत नाही. बारीक चोचीचे गिधाड भारतात किती होते आणि त्यातले किती गेले, याचे स्वतंत्र उत्तर त्या मोजणीतून कधीच मिळणार नाही. एक पक्षी नामशेष होण्याच्या कडेला आला आणि त्याच्या घसरणीचा आलेखसुद्धा त्याचा एकट्याचा नाही.

त्याच अभ्यासात २००७ मध्ये भारतात उरलेल्या पक्ष्यांचे ढोबळ अंदाजही दिले आहेत. ते वेगवेगळे देता आले, कारण आता नावे वेगळी होती. लांब चोचीची सुमारे ४५,०००, बारीक चोचीची सुमारे १,०००. आता हेच आकडे जुन्या नावाने लिहून पाहा : लांब चोचीची गिधाडे, ४६,०००. वाचणारा काळजी करील, पण हादरणार नाही. त्या शेवटच्या हजारांत एक सबंध जात दडलेली आहे, हे त्याला कळणारच नाही. पुढच्या, २०११ च्या मोजणीनंतर लांब चोचीच्या गिधाडांचा अंदाज १२,००० पर्यंत खाली आला, बारीक चोचीच्यांचा हजाराच्या घरातच राहिला.

नाव वेगळे झाल्यावर २००२ पासून बारीक चोचीचे गिधाड जागतिक धोक्याच्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत स्वतंत्रपणे नोंदले गेले. पिंजोर, राजाभातखावा आणि आसामातले राणी इथे गिधाडांची पैदास केंद्रे उभी राहिली, तेव्हा दोन्ही जाती वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवायच्या हे ठरलेले होते. २००९ मध्ये बारीक चोचीच्या गिधाडाची पिल्ले प्रथमच बंदिवासात जन्मली. दोन्ही एकच आहेत असे मानणारा कोणी दख्खनचा नर आणि तराईतली मादी एकत्र ठेवायला मागेपुढे पाहिले नसते. जुन्या पुस्तकाप्रमाणे त्यात काहीच वावगे नव्हते.

औषधाच्या बाबतीत सरकारने पावले उचलली. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलिलिटरपुरत्या मर्यादित केल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांचाही गुरांसाठीचा वापर बंद झाला. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना चालते आणि गिधाडांनाही मारत नाही, हे तपासून सिद्ध झालेले आहे. गुरांच्या औषधांच्या दुकानात कोणती बाटली दिली जाते, यावर आज दोन्ही गिधाडांचे भवितव्य अवलंबून आहे.

*

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा अंजनेरीला गेलो. वय झाल्याने वरपर्यंत न चढता खालून दुर्बीण लावली. पांढरे ओघळ आहेत. बराच वेळ बसल्यावर तीन गिधाडे कड्याच्या धारेवरून सुटली आणि हवेच्या झोतावर त्र्यंबकच्या दिशेला गेली. आसामच्या त्या गावाकडे मात्र पुन्हा जाणे झाले नाही.

घरी येऊन दोन्ही वह्या काढल्या आणि नाव दुरुस्त करायला पेन्सिल घेतली. पहिल्या नोंदीला हात लावावा लागला नाही, ते नाव अजूनही त्याच पक्ष्याचे आहे. दुसऱ्या नोंदीत ‘लांब’ शब्दाच्या वर ‘बारीक’ असे लिहिले. हे मला चाळीस वर्षांनी लिहिता आले ते नावामुळे नव्हे. ‘सावरीच्या झाडावर’, ‘मान काळपट, उघडी, मळकी’ एवढे शब्द त्या दिवशी, कारण न कळता, मी लिहून ठेवले होते म्हणून. खालचा शब्द खोडला नाही. १९८८ मध्ये आपण त्याला काय म्हणत होतो, तेही वहीत राहायला हवे.